जॅकवेलच्या तोंडाशी एक जाळी

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. पाण्यावरच आहे, पण फक्त माणसाच्या पाण्यावर नाही. शेवटपर्यंत वाचा, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. घाटाखालच्या एका गावात नळाच्या पाण्याला वास येत होता. आम्ही चार जण विचारपूस करायला थेट जॅकवेलवर गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एकट्या त्या गावाचं गाऱ्हाणं नाही. पंप बंद होता. ऑपरेटर आणि त्याचा मदतनीस पंपाच्या स्ट्रेनरला अडकलेला चिखल, पालापाचोळा हातानं ओढून काढत होते आणि घमेल्यात टाकत होते. घमेल्यात डोकावलो तर कचरा कमी आणि मासे जास्त. बोटभर, वीतभर. काही अख्खे, काही तुकडे. वास कशाचा ते तिथंच कळलं.

"पहिला पूर आला की दरवर्षी असंच असते साहेब," ऑपरेटर म्हणाला. "दोन-तीन दिवस हेच काम."

आमच्यासोबत एक भोई दादा होते. पासष्टीच्या पुढचे, सगळी हयात नदीवर गेलेली. त्यांनी घमेल्यातला एक मासा उचलला, तळहातावर ठेवून पोटावर अंगठा फिरवला. मोहरीसारखी अंडी बाहेर आली.

"मास्तर, हा मासा चाऱ्यासाठी नाई आला. हा चढणीचा मासा हाय. अंडे टाकाले वर चालला होता. पाण्याले वास आला तं तुमी चार जन आले. हा मेला तं कोनी येत नाई."

त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. ही पोस्ट म्हणजे तेच उत्तर, थोडं उशिरानं.

आधी चढण म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्या पोरांना आता ते माहीत नाही. मृगाचा पाऊस पडला, नाल्या-ओढ्यांतून गढूळ पाणी नदीत उतरलं, की माशांना बरोबर कळतं. उन्हाळाभर डोहात, धरणाच्या तळाशी दबा धरून बसलेला मासा पाण्याच्या उलट्या दिशेनं निघतो. उथळ, नव्या पाण्याखाली आलेल्या जागी जाऊन अंडी सोडतो. तिथं शिकारी मासे कमी असतात आणि पिल्लांना खायला बारीक जीव भरपूर मिळतात. राहूसारख्या माशाची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. पाण्यात फुगून अंडं चार-पाच मिलिमीटरचं होतं, प्रवाहाबरोबर वाहत जातं आणि एका दिवसाच्या आतच फुटून पिल्लू बाहेर येतं. म्हणजे मासा वर चढतो आणि त्याचं अंडं-पिल्लू खाली येतं. दोन्ही प्रवास त्याच महिन्या-दीड महिन्यात, त्याच पाण्यातून. आणि त्याच पाण्यात आपल्या जॅकवेलचं तोंड असतं.

आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. घाटावर आणि घाटाखाली, हे आपण रोज बोलतो. माशांसाठी तर हे दोन वेगळे देशच आहेत. घाटावरची पैनगंगा बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला मिळते. घाटाखालच्या नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा पूर्णेत उतरतात, पूर्णा चांगदेवला तापीत जाते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात. राजूर घाटाच्या माथ्यावर पडलेला पाऊस कोणत्या समुद्राला जाणार, हे दोन-चार फुटांच्या उतारावर ठरतं. असा जिल्हा फार कमी लोकांच्या नशिबी येतो.

पण समुद्राकडून येणारी वाट आता दोन्हीकडे बंद आहे. तापीवर १९५० च्या दशकात काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाई झालं, १९८२ मध्ये चांगदेवच्या खाली हतनूर झालं. पाला म्हणजे हिलसा एके काळी खालच्या तापीत चढायचा, त्याची वाट तिथंच संपली. पैनगंगेवर इसापूर आहे. ही धरणं नको होती असं मी म्हणत नाही. त्यांच्याच पाण्यावर आपण जगतो. मुद्दा एवढाच, की लांबचा प्रवास करणारा मासा आपण कधीच गमावला. आता उरलाय तो जवळचा प्रवास करणारा. धरणातून वरच्या ओढ्यात जाणारा, डोहातून पाच-दहा किलोमीटर वर चढणारा. राहू, मृगळ, मरळ, शिवडा, वाम आणि ज्यांना आपण नुसतं "बारीक मासा" म्हणतो ते सगळे. या उरलेल्यांना तरी आपण पंपात घालायचं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

पंप मासे कसे मारतो, ते साध्या हिशेबानं बघू. मी इंजिनिअर नाही, पण गणित शिकवलंय.

समजा सत्तर हजार वस्तीचं शहर आहे. माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं आपल्याकडचं माप. गळती धरून रोजचं एक कोटी लिटर पकडा. वीज जाऊन-येऊन पंप सोळा तास चालला, तर सेकंदाला साधारण १७४ लिटर पाणी ओढलं जातं. हे पाणी एक फूट व्यासाच्या पाइपाच्या तोंडातून घेतलं तर तिथं पाण्याचा वेग सेकंदाला जवळपास अडीच मीटर होतो. बोटाएवढं पिल्लू जोर लावून सेकंदाला आपल्या अंगाच्या तीन-चार पट अंतर पोहतं, म्हणजे पंधरा-वीस सेंटिमीटर. अडीच मीटर विरुद्ध वीस सेंटिमीटर. बैलगाडीनं रेल्वेशी शर्यत लावावी, तसं हे आहे.

आता तेच पाणी मोठ्या तोंडातून, हळू घ्या. सेकंदाला अर्धा फूट म्हणजे १५ सेंटिमीटर वेग ठेवायचा असेल तर पाण्याला जायला साधारण १.२ चौरस मीटर मोकळी जागा लागते. जाळीचा निम्मा भाग तारेनं व्यापला असं धरलं तर जाळी हवी सव्वादोन-अडीच चौरस मीटर. म्हणजे पाच फूट बाय पाच फूट. पुरात कचरा अडकतो म्हणून दुप्पट धरा. पाच बाय पाचच्या दोन चौकटी! एका शहराला पाणी पाजताना मासा वाचवायला लागणारी सामग्री एवढीच. आपल्या घराच्या फाटकाला याहून जास्त लोखंड लागतं.

अर्धा फूट हा आकडा मी मनानं काढलेला नाही. अमेरिकेत वीजकेंद्रं आणि कारखाने थंड करण्यासाठी नदीचं पाणी उचलतात, त्यांच्यासाठीच्या २०१४ च्या नियमांत जाळीतून जाणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या फुटाच्या आत ठेवणं हा एक मान्य उपाय आहे. इंग्लंडमध्ये तर २००९ पासून एका वामसारख्या लांबट माशासाठी, म्हणजे ईलसाठी, वेगळा नियम आहे. एका ठिकाणाहून दिवसाला २० घनमीटर किंवा जास्त पाणी उचलायची सोय असेल, तर सूट मिळाल्याशिवाय तिथं जाळी हवीच. २० घनमीटर म्हणजे आपले दहा हजारी दोन टँकर! आपल्याकडे जॅकवेलला जाळी नसते असं नाही. असते, पण ती ओंडके आणि कचरा अडवायला. तिच्या दोन गजांमधून बोटभर मासा आरामात आत जातो.

आता तुमचा प्रश्न, जो मला समोरच दिसतोय. "इथं माणसाला प्यायला पाणी नाही, अन् तुम्ही माशांचं घेऊन बसले!"

हा प्रश्न चुकीचा नाही. बुलढाणेकराला येळगाव धरणात किती पाणी उरलं, हे घरातल्या डब्यात किती पीठ उरलं तसं पाठ असतं. खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणी खारं. तिथल्या लोकांनी ते पिऊन किडनीचे आजार काढलेत. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या १४० गावांना वान धरणाचं पाणी पाजावं लागतं, ते काही हौसेनं नाही. त्या माणसांच्या तोंडचा एक तांब्यासुद्धा माशासाठी काढा, असं मी म्हणणार नाही.

पण नीट बघा. जाळी लावली म्हणून पाणी एक लिटरनंही कमी होत नाही. तेवढंच पाणी, फक्त मोठ्या तोंडातून आणि हळू. उलट फायदाच आहे. स्ट्रेनर तुंबून पंप बंद पडतो, तेव्हा नळ कोणाचे कोरडे राहतात? जॅकवेलमध्ये मासे सडतात, तेव्हा वास कोणाच्या घरात येतो? पावसाळ्याच्या सुरुवातीला आपण जास्तीच्या ब्लीचिंगला नाक मुरडतो, पण सडलेल्या माशांमुळं तेही जास्त खर्ची पडतं. माशाची जाळी ही आधी आपल्याच पाण्याची जाळी आहे.

आणि पैशाचंही बोलू. धरणं-तलाव आपण मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं देतो. संस्था दरवर्षी मत्स्यबीज, बोटुकली विकत आणून पाण्यात सोडते. सोडलेली बोटुकली तेवढीच बोटभर असते, जेवढी पंपात जाते. म्हणजे एका सरकारी खात्याच्या योजनेतून मासे पाण्यात सोडायचे आणि दुसऱ्या सरकारी योजनेच्या पंपानं ते ओढून काढायचे. नुकसान त्या भोई घरांचं, जी ठेका आधीच भरून बसलेली असतात. त्यांना विचारणारं कोणी नाही, कारण घमेल्यात गेलेला मासा कोणत्याच रजिस्टरवर चढत नाही.

समुद्रावर बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा काळ. कोकणातला माणूस दोन महिने बोट किनाऱ्याला लावून पोटाला चिमटा घेतो. आपल्याकडच्या नदीत त्याच दोन महिन्यांत पंप मात्र दिवसरात्र चालतो. बोटीला नियम आहे, पंपाला नाही.

जाळी म्हणजे जादू नाही, हेही सांगून टाकतो. केसाएवढी पिल्लं कोणत्याच जाळीनं पुरती अडत नाहीत. बारीक जाळी पुरात तुंबते, ती धुवायला माणूस लागतो, किंवा उलट्या पाण्यानं, हवेच्या दाबानं साफ करायची सोय लागते. बसवून विसरायचं असेल तर न बसवलेली बरी, कारण तुंबलेल्या जाळीच्या उरलेल्या भोकांतून पाणी आणखी जोरात जातं. म्हणून जाळीच्या किमतीपेक्षा देखभालीची तरतूद महत्त्वाची. बोर्ड लावून फोटो काढणं सोपं, जुलैच्या पावसात जाळी धुणं अवघड.

यापेक्षाही चांगला उपाय आपल्या आजीला माहीत होता. नदीच्या वाळूत झिरा खणायचा आणि गाळून आलेलं पाणी वाटीनं भरायचं. मोठ्या मापात हेच करता येतं. पात्राच्या वाळूखाली छिद्रांचे पाइप टाकून किंवा काठावर विहीर घेऊन पाणी वाळूतून झिरपवून घ्यायचं. मासा सुरक्षित आणि पाणीही निम्मं गाळलेलं. पण त्यासाठी नदीत वाळू शिल्लक पाहिजे. पूर्णेच्या रेती घाटांवर रात्री काय चालतं, ते मी लिहायची गरज नाही. आपण वाळू विकली, मग गाळणी विकत घ्यायला निघालो.

मग आजच हे का लिहितोय? कारण पुढच्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात पाणी उचलण्याची जेवढी तोंडं बांधली जातील, तेवढी मागं कधी बांधली नसतील.

नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगावचं काम आपण वर्षानुवर्षं बघतोय. त्याचं सिंचन उपशावर आहे, म्हणजे नदीकाठी मोठमोठी पंपगृहं. शहरांच्या नव्या योजना अमृत २.० मधून येतायत, गावांच्या जलजीवन मिशनमधून. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वैनगंगा–नळगंगा नदीजोड. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं त्याला मंजुरी दिली. गोसीखुर्दचं पाणी सव्वाचारशे किलोमीटर प्रवास करून आपल्या नळगंगेपर्यंत येणार. पाणी यावं, मलाही पाहिजे. पण वैनगंगा गोदावरी खोऱ्यातली आणि नळगंगा तापी खोऱ्यातली. वर म्हटलं तसे हे माशांचे दोन वेगळे देश. पाण्याबरोबर तिकडचे मासे, अंडी, रोग इकडं येतील. उचलण्याच्या तोंडाशी काय अडवायचं आणि काय सोडायचं, याचा विचार कालवा खणायच्या आधी व्हायला पाहिजे.

बांधून झालेल्या जॅकवेलमध्ये जाळीची जागा नंतर काढणं महागात जातं, कारण पाणी उपसा, पंप थांबवा, भिंत फोडा. नकाशावर असताना मात्र ती एक ओळ असते. फराक्क्याचं उदाहरण घ्या. गंगेवर १९७५ मध्ये तो बराज सुरू झाला. त्याआधी हिलसा पार अलाहाबादपर्यंत जायचा. नंतर वरच्या गंगेत तो दिसेनासा झाला आणि कित्येक वर्षांनी आता जहाजांच्या लॉकमधून त्याला वाट द्यायचे प्रयत्न चालू आहेत. आधी सुचलं असतं तर स्वस्तात झालं असतं.

म्हणून माझं मागणं फार नाही.

एक. जिल्ह्यात नदी किंवा धरणातून पाणी उचलणाऱ्या प्रत्येक नव्या योजनेच्या अंदाजपत्रकात माशांसाठीची जाळी आणि तिच्या देखभालीचा खर्च ही वेगळी बाब टाका. वेग सेकंदाला अर्ध्या फुटाच्या आत. निविदा निघण्याच्या आधी, नंतर नाही.

दोन. जुन्या जॅकवेलवर निदान एक पावसाळा नोंद ठेवा. घमेल्यात किती मासे निघाले, कोणत्या तारखेला, केवढे. वही आणि पेन, बाकी खर्च शून्य. शाळेची पोरं हे काम आनंदानं करतील, माझा शब्द. आकडे हातात आले की पुढचं बोलणं सोपं होतं. आणि ज्या शहरात टाक्या भरलेल्या आहेत, तिथं पहिल्या पुराच्या दोन-तीन रात्री उपसा थोडा कमी ठेवता येतो का, ते तपासा.

तीन. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे दरवाजे पावसाच्या आधी काढायचे असा नियमच आहे. तो पाळा. पूर येऊन गेल्यावर दरवाजे निघाले, तर त्या वर्षाची चढण गेली.

चार. या सगळ्यात भोई समाजाच्या संस्थांना बैठकीत खुर्ची द्या. मासा कधी, कुठून, किती पाण्यात चढतो हे त्यांना जेवढं माहीत आहे, तेवढं कोणत्याही अहवालात नाही.

महामार्गाच्या भरावासाठी तलाव-नाल्यांतली माती घ्यायची आणि त्यातून पाण्याचा साठा वाढवायचा, या कामाला "बुलढाणा पॅटर्न" म्हणून देशात नाव मिळालं. एका कामात दुसरं काम साधायची अक्कल आपल्या मातीत आहे, हे आपण दाखवून दिलंय. मग पाणी उचलता उचलता मासा वाचवायचा, हा दुसरा बुलढाणा पॅटर्न का होऊ नये?

१० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो. १९५७ मध्ये त्याच तारखेला कटकला डॉ. हिरालाल चौधरींनी टोचणी देऊन माशांचं प्रजनन यशस्वी केलं, त्याची आठवण म्हणून. त्यामुळंच आज बोटुकली विकत मिळते. यंदाही भाषणं होतील, हारतुरे होतील. त्याच दिवशी कुठल्यातरी जॅकवेलवर ऑपरेटर घमेलं भरत असेल. माझी लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, की भाषणाच्या आधी पाच मिनिटं ते घमेलं बघून या.

आणि तुम्हाला, वाचणाऱ्यांना, एक काम सांगतो. तुमच्या गावचं पाणी कुठल्या नदीच्या, कुठल्या धरणाच्या कोणत्या तोंडातून येतं ते एकदा जाऊन बघा. जाळी आहे का, असली तर बोट जातं की नाही, ते सांगा. खाली गावाच्या नावासकट लिहा. कोणावर चिखलफेक नको, नुसतं जे दिसलं ते लिहा. तालुकावार यादी झाली की ती घेऊन मी स्वतः जिल्हा परिषदेत आणि नगरपालिकांत जाईन. भोई दादांनी सोबत यायचं कबूल केलंय.

निघताना ते एवढंच म्हणाले होते, "मास्तर, आमी जाळं लावतो तं मासा धराले. तुमी लावा वाचवाले. जाळं तं दोघायचंच."